पंचेचाळिसाव्या वर्षी कन्फर्मेशन: मंडळीत परत येतानाचे अकरा महिने

2022 साली 25 डिसेंबर रविवारी आला होता. दर नाताळला बायको आणि दोघी मुली उपासनेला जायच्या आणि मी घरी राहून मटणाचं बघायचो. त्या वर्षी मीही इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्यांच्या मागे निघालो. देवाची ओढ वगैरे काही नव्हती. 30 नोव्हेंबरला नोकरी गेली होती आणि रिकाम्या घरात एकट्याने बसायची धास्ती वाटत होती, एवढंच.

तिथपासून 26 नोव्हेंबर 2023 पर्यंत, म्हणजे माझं कन्फर्मेशन (मोठेपणी आपल्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) होऊन मी पहिल्यांदा प्रभुभोजन (उपासनेत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घेतलं तोवर, अकरा महिने गेले. कागद कुठून आणायचे, वर्ग किती असतात, पैसे किती लागतात, आणि या काळात आतून माणसाचं काय होतं, हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. मी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतला, म्हणजे त्या चर्चचा आहे. कॅथलिक किंवा बाप्टिस्ट मंडळ्यांत रीत वेगळी असते, हे वाचताना ध्यानात असू द्या.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. मी नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. बारावीनंतर पुण्याला आलो, डिप्लोमा केला, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. पहिल्या दोन-चार वर्षांत रविवार सुटले. भांडण कोणाशी झालं नव्हतं. ओव्हरटाइम मिळायचा, पैसा हवा होता, आणि आपल्याला नेमकं काय मिळवायचंय ते मला स्वच्छ दिसत होतं. सुपरवायझर, मग असिस्टंट मॅनेजर, मग स्वतःचा फ्लॅट, मग आईला गावाहून आणायचं.

फ्लॅट 2013 साली बुक केला. ताबा डिसेंबर 2016 ला मिळणार होता. आई त्या वर्षी ऑगस्टमध्ये गेली. इमारत सातव्या मजल्यावर थांबली, ती आजही तिथेच आहे. 2018 साली महारेरात, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, तक्रार केली. फी पाच हजार रुपये. निकाल आमच्या बाजूने लागला, व्याजासकट पैसे परत करा असा आदेश झाला. बिल्डरने तो पाळला नाही, म्हणून वसुलीचं वॉरंट निघालं. ते कलेक्टर कचेरीत गेलं, तिथून तहसील कचेरीत आलं, आणि 2019 पासून मी त्या कचेरीच्या पायऱ्या चढतोय. दरम्यान मॅनेजरची जागा दोनदा हुकली. दुसऱ्या वेळी ती मी शिकवलेल्या मुलाला मिळाली.

त्या काळात मी कंप्युटरवर एक तक्ता ठेवला होता. दर महिन्याच्या एक तारखेला बिल्डरकडून येणं असलेलं व्याज त्यात वाढवायचो. शेजारच्या रकान्यात डिप्लोमाच्या बॅचमधल्या मुलांचे कळतील तेवढे पगार आणि कोणी कुठे घर घेतलं ते. रात्री दोन-दोन वाजता उठून तो तक्ता उघडून बसायचो. तहसीलला गेलो की डबा न उघडता परत यायचा. बायको तो मुकाट्याने रिकामा करून घासून ठेवायची.

नोकरी गेली ती या सगळ्यावर. तीन महिन्यांचा पगार दिला आणि गेटपास जमा करून घेतला.

तर तो नाताळ. उपासना नऊची होती. सतरा-अठरा वर्षांनी बाकावर बसलो होतो आणि गाणी तोंडपाठ निघाली, याचं मलाच नवल वाटलं. प्रभुभोजनाच्या वेळी रांगा पुढे सरकू लागल्या, बायकोही उठली. मी उठलो नाही. मला कोणी अडवलं नव्हतं, पण माझं कन्फर्मेशन झालेलं नाही हे मला ठाऊक होतं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी गावात वर्ग लागला तेव्हा मी क्रिकेटसाठी बुडवला होता. भाकरीचं ताट माझ्या बाकापासून चार हातांवरून गेलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. भूक लागल्यासारखा खराखुरा खड्डा. सकाळी भरपूर नाश्ता करून आलो होतो, तरीही.

बाहेर पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. मी "सलाम" केला. त्यांनी इतकंच विचारलं, "एकदा सवडीने येता का?"

4 जानेवारीला, बुधवारी, गेलो. पुढच्या माणसाचा वेळ वाचावा म्हणून त्या दिवशी कळलेल्या गोष्टी सांगतो. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला असेल तर तो पुन्हा देत नाहीत. पाळकसाहेबांनी याचा इतिहासही सांगितला. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली. त्यांतल्या काहींत लहान मुलांना बाप्तिस्मा देत, काहींत जाणत्या वयातच. म्हणून दोन्ही रीती ठेवल्या. लहानपणी ज्यांचा झाला त्यांनी मोठेपणी आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि बिशपने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, हेच कन्फर्मेशन, आपल्या भाषेत दृढीकरण. त्यासाठी मला चार गोष्टी लागणार होत्या: गावच्या चर्चच्या रजिस्टरातला बाप्तिस्म्याचा उतारा, तिथल्या पाळकांचं पत्र, दोन फोटो आणि दहा शनिवार.

मी सगळ्यात आधी पैशांचं विचारलं. नोकरी नसताना दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मागतील ही भीती होती, आणि ती भीती अनेकांना चर्चच्या दारातून परत पाठवते असं मला वाटतं. पाळकसाहेब म्हणाले, "फॉर्मला पैसे नाहीत. सर्टिफिकेटचे पन्नास रुपये. वर्गणीचं नोकरी लागल्यावर बघू." तेवढंच, पुढे कधीही विषय काढला नाही.

उठताना मी झोपेचं सांगितलं. रात्री दोनला जाग येते, छातीत धडधडतं, तीनेक आठवडे भाकरी गोड लागत नाही. मला वाटलं ते प्रार्थना करतील. ती त्यांनी केलीच, पण आधी म्हणाले, "डॉक्टरला दाखवा. दोन्ही करा." मी दोन्ही केलं. सहा महिने गोळ्या घेतल्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण विश्वास कमी पडला म्हणून औषध घ्यावं लागतं असं समजणारी माणसं आपल्या मंडळ्यांत आहेत आणि त्यामुळे कित्येक जण उगाच सोसत बसतात.

गावाची पहिली फेरी वाया गेली. 17 जानेवारीला, मंगळवारी, वाकडेवाडीहून एसटीने नगरला (तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर), तिथून दुसऱ्या एसटीने फाट्यापर्यंत, मग काळी-पिवळीने गाव. चर्चला कुलूप. एकेका पाळकाकडे आता चार-पाच गावं असतात आणि रजिस्टर त्यांच्या कपाटात असतं. फोन करून जायला हवं होतं. जायचंच तर रविवारी जावं, त्या दिवशी पाळक हमखास सापडतात. जाऊन-येऊन पाचशे रुपये आणि एक दिवस.

दुसरी चूक प्रतिज्ञापत्राची. रजिस्टरात माझं नाव बायबलमधलं असणार हे मला माहीत होतं, आणि दाखल्यावर पहिलीला गुरुजींनी लावलेलं दुसरंच नाव आहे. आधार, पॅन, सगळीकडे तेच. म्हणून शंभराच्या स्टॅम्प पेपरवर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं लिहून नोटरी करून घेतलं. चारशे रुपये गेले. ते कोणी पाहिलंही नाही. गावच्या कमिटीच्या दोन जुन्या पंचांनी साध्या कागदावर सह्या केल्या, तेवढं पुरलं.

29 जानेवारीला, रविवारी, दुसऱ्यांदा गेलो. उपासनेनंतर पाळकांनी कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर टेबलावर ठेवलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पानांना डांबरगोळ्यांचा वास. रकाने लाल शाईने आखलेले: अनुक्रमांक, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, नाव, आईबापांची नावं, धंदा, साक्षीदार, पाळकाची सही. माझा जन्म 1978 चा, बाप्तिस्मा 1979 चा असणार. पाळक मागून पुढे पानं उलटत आले आणि मध्येच थांबले. "हे तुमचेच वडील ना?"

नोंद 1975 ची होती. वडिलांचं नाव, आईचं नाव, धंदा शिक्षक. मुलाचं नाव माझं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या तारखेपुढे लिहिलं होतं, "घरी, आजारपणात." आणि समासात दुसऱ्या शाईने, अकरा दिवसांनंतरची तारीख घालून, "मयत."

मला एक मोठा भाऊ होता. हे मला चव्वेचाळीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

माझी नोंद पुढे तीन पानांवर होती. पाळकांनी ती उतरवून घेतली, शिक्का मारला, शंभर रुपये घेतले, पावती दिली. भावाच्या नोंदीचाही उतारा द्या म्हणालो. ते जरा थांबले, मग लिहायला लागले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून मी आईचा विचार करत होतो. आमच्याकडे रोज दिवेलागणीला गाणं व्हायचं. वडील पेटी वाजवायचे, आई टाळ धरायची. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत नारायण वामन टिळकांची भजनं ओवीसारखी मुरलेली आहेत. टिळकांनी आयुष्यातली बरीच वर्षं आमच्याच भागात काढली. आई त्यांची भजनं डोळे मिटून म्हणायची. तिला लिहितावाचता जेमतेम येत होतं, ती तिला ऐकूनच पाठ होती. तिच्या अंगावर दोन लुगडी, घरात पत्र्याची एक पेटी. दुष्काळात टँकरच्या रांगेत अर्धा दिवस. जेवताना अर्धी भाकरी खाऊन "माझं भरलं" म्हणायची. मोठा झाल्यावर मी ठरवून टाकलं होतं की हे सगळं अज्ञानातलं सुख आहे. तिने काही पाहिलंच नाही म्हणून तिला काही कमी वाटत नाही. तिला फ्लॅटमध्ये आणायचं, गॅसचा गीझर दाखवायचा, मग तिला खरं सुख कळेल.

आणि ती तर एक मूल पुरून आलेली होती. अर्धी भाकरी खाऊन भरलं म्हणताना ती कधी कधी खोटं बोलत असेल, भाकरी कमीच असायची. पण गाताना ती खोटं बोलत नव्हती. एवढं मला त्या एसटीत कळलं. तिच्याकडे जे होतं ते सुखातून आलेलं नव्हतं. मग ते आलं कुठून, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला, आणि वर्गाला मी तो घेऊनच गेलो.

वर्ग 11 फेब्रुवारीपासून, शनिवारी संध्याकाळी सहाला. आम्ही सहा जण. पाच दहावी-अकरावीची मुलं आणि मी. वयाची लाज वाटेल म्हणून थांबला असाल तर सांगतो, ती पहिल्या अर्ध्या तासात गेली. मुलांनी मला काका म्हटलं आणि पाठांतरात मागे पडलो की हळूच पुढचा शब्द सांगायला लागली. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार तोंडपाठ हवेत. बाकी बायबल सोबत ठेवायचं. आईचं पवित्र शास्त्र माझ्याकडे होतं, पण त्याची पानं सुटत होती. मी मोठ्या टाइपाचं नवीन घेतलं. चाळिशी लागलेल्यांनी तेच घ्यावं.

चौथ्या शनिवारी, 4 मार्चला, योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय होता. शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर येते, येशू तिच्याकडे पाणी मागतो, आणि बोलता बोलता म्हणतो की हे पाणी पिणाऱ्याला पुन्हा तहान लागेल, पण मी जे देईन ते पिणाऱ्याला कधीच लागणार नाही. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. अकरावीतली एक मुलगी मान खाली घालून पुढचं वाचत होती. तिने विचारलं, "पण ती घागर तिथेच का ठेवून गेली?"

अठ्ठाविसाव्या वचनात आहे ते. बाई आपली घागर तिथेच ठेवते आणि गावात जाऊन लोकांना सांगते. मी तोवर ते कधी वाचलंच नव्हतं, म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं फक्त. आमच्या गावातली बाई घागर सोडून जाईल? आई विहिरीवरून येताना ठेच लागून गुडघा फोडून घ्यायची, पण घागर खाली ठेवायची नाही. घागर म्हणजे त्या दिवसाचा संसार. तिच्यावरून भांडणं होतात, जिवावर बेततं. आणि ही बाई, जिला रोज यायला लागू नये म्हणून ते पाणी हवं होतं, ती घागरच विसरते. पाळकसाहेबांनी यावर प्रवचन केलं नाही. म्हणाले, "विसरली असेल, किंवा परत येणारच होती. शास्त्र सांगत नाही. पण त्या क्षणी तिला तिची गरज उरली नव्हती, एवढं दिसतं."

त्या रात्री दोनला जाग आली तेव्हा मी तो तक्ता उघडला. मार्चचं व्याज भरायचं राहिलं होतं. बराच वेळ बोट की-बोर्डवर होतं. मग पगारांचा रकाना काढून टाकला. व्याजाचा ठेवला, कारण तो तहसीलला दाखवावा लागतो. पण एक तारखेला भरायचं बंद केलं. आता तारीख लागली तरच भरतो.

इथून पुढे सगळं उजळलं असं वाचायला मिळालं तर बरं वाटेल, पण तसं झालं नाही. 22 फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारापासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला होता. मी रोज पहाटे अर्धा तास शास्त्र आणि प्रार्थना असा नेम धरला. पहिले तीन आठवडे प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलल्यासारखी होती. शब्द संपायचे आणि घड्याळात सातच मिनिटं झालेली असायची. मुलाखतींना जात होतो, वय ऐकून लोक फाइल मिटत होते. वाचायला बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक घेतलं होतं. पंचावन्नाव्या अध्यायात देव विचारतो की जे अन्न नव्हे त्यासाठी तुम्ही पैसा का घालवता, ज्याने तृप्ती होत नाही त्यासाठी का राबता. मला राग आला. म्हटलं, घर मागणं काय पाप आहे? मी जुगार खेळलो नाही, दारू प्यायलो नाही. डोक्यावर छप्पर मागितलं.

हा राग मी पाळकसाहेबांकडे बोलून दाखवला. अशा वेळी बोलून दाखवावं, मनात ठेवू नये. ते म्हणाले, "घर मागा की. घर चांगलंच आहे. पण घराने जे द्यावं अशी तुमची अपेक्षा होती, ते कुठलं घर देतं का, तेवढं बघा." मी घरी येऊन विचार केला. फ्लॅट वेळेवर मिळाला असता तर? मी दुसऱ्या दिवशीपासून मॅनेजरच्या जागेसाठी जागलो असतो. ती मिळाली असती तर तिसरं काहीतरी. आणि रकाना कधी संपला असता? हे मान्य करायला मला लेंटचे उरलेले दिवस लागले.

7 एप्रिलला गुड फ्रायडे. बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. पंखे फिरत होते पण हवा भट्टीसारखी. मी पाण्याची बाटली न्यायला विसरलो होतो. पाचवा उद्गार आला तोवर घसा कोरडा पडला होता. पाचवा उद्गार दोन शब्दांचा आहे: तहान लागली. आपल्या शास्त्रात जरा लांब लिहिलंय, पण अर्थ तेवढाच. विहिरीवर ज्याने सांगितलं की मी देईन ते पाणी पिणाऱ्याला कधी तहान लागणार नाही, तोच वधस्तंभावर तहानलेला. दोन्ही योहानानेच लिहून ठेवलंय. मला एकदम रडू आलं. शेजारच्या बाकावर दोन म्हातारबा होते, त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मला ते नीट समजावून सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारपर्यंत मी देवाकडे न मिळालेल्या गोष्टींची यादी घेऊन जात होतो, आणि त्या दुपारी माझ्यापेक्षा जास्त सोसलेला कोणीतरी माझ्या शेजारी बसलाय असं वाटलं. आईलाही तो तसाच भेटला असेल. अकरा दिवसांच्या त्या आजारपणात, घरी.

22 एप्रिलला दहावा वर्ग संपला. तोंडी परीक्षा झाली. कन्फर्मेशन 28 मेला, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), ठरलं होतं. मुलांनी पांढरे कपडे शिवायला टाकले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं की बिशपसाहेबांची तारीख बदलली, आता सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये कळलं, नोव्हेंबर. एक बिशप आणि त्यांच्याकडे पुष्कळ चर्चेस, असं होतंच. तुम्ही कपड्यांचे आणि जेवणाचे पैसे आगाऊ देऊन बसू नका, एवढंच सुचवेन. आधीचा मी असतो तर पत्र लिहिलं असतं, भांडलो असतो. उशिराने ताबा मिळणं हा माझा दुखरा भाग आहे. पण या उशिरात मला एक गोष्ट मिळाली. महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हायचं आणि मी बाकावर बसून राहायचो. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत दहा वेळा. दर वेळी तोच खड्डा. आणि मला हळूहळू कळत गेलं की या भुकेत धडधड नाही. तक्त्याची भूक माणसाला रात्री उठवून बसवते. ही भूक झोपू देत होती.

जुलैमध्ये भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम लागलं. मालाची तपासणी. पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश. वर्गणी सुरू केली, महिना शंभर रुपये.

त्याआधी जूनमधली एक संध्याकाळ सांगायची राहिली. तुकोबांची पालखी आकुर्डीला होती. मुलाखतीहून परत येताना रस्ता बंद होता, म्हणून कडेला उभा राहिलो. एक दिंडी थांबून अभंग म्हणत होती, आणि त्या चालीत आईच्या गाण्यांची चाल होती. टिळकांनी अभंगच लिहिले, तुकोबांच्या वाटेनेच ते ख्रिस्ताकडे आले असं ते सांगत. एका वारकरी आजीने माझ्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला, विचारपूस न करता. पायाला फोड आलेले, डोक्यावर तुळस, आणि चेहरा आईसारखा. मी तो लाडू तिथेच खाल्ला.

त्या पावसाळ्यात बायबलमधलं, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र वाचत होतो. चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की ज्या स्थितीत आहे तीत समाधान मानायला मी शिकलो आहे. हे तो बंदिवासातून लिहितोय. माझी नजर "शिकलो" या शब्दावर अडकली. मला वाटायचं समाधान हा स्वभाव असतो, काहींना असतो, काहींना नसतो, आईला होता, मला नाही. पौलासारख्या माणसालाही तो शिकावा लागला असेल तर मला पाचवीत बसायला हरकत नव्हती. हबक्कूक संदेष्टा तर त्याच्याही पुढे जातो. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. नुसतं "तरी" म्हणायला शिकायचं. सातव्या मजल्यावर इमारत थांबलीय, तरी. मी रोज सकाळी भोसरीला जाताना ते म्हणतो. काही दिवस मनापासून निघतं, काही दिवस नुसतं तोंडाने.

26 नोव्हेंबरला, रविवारी, बिशपसाहेब आले. आम्ही सहा जण पुढच्या बाकावर. पाच मुलं सहा महिन्यांत उंच झालेली, शिवलेल्या पँटी घोट्याच्या वर गेलेल्या. प्रश्न विचारले, आम्ही उत्तरं दिली. मी गुडघे टेकले. बिशपसाहेबांचे हात जड होते आणि किंचित थरथरत होते, वय झालंय त्यांचं. माझं रजिस्टरातलं नाव घेतलं. त्या नावाने मला आईनंतर कोणी हाक मारली नव्हती.

मग प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा, द्राक्षरसाचा पेला दोन घोटांचा. बाकावर परत येऊन बसलो तर बायकोने माझा हात धरला होता आणि ती समोर बघत होती. आत शांत होतं. आनंदाने उड्या माराव्यात असं काही नाही. पंगतीत जागा मिळाल्यावर वाटतं तसं.

सगळा खर्च सांगायचा तर तीन हजारांच्या आत झाला: प्रवास, उतारा, वाया गेलेली नोटरी, बायबल, फोटो, सर्टिफिकेट, आणि दुपारी मुलांना दिलेलं आइस्क्रीम. भावाच्या नोंदीचा उतारा माझ्या बायबलमध्ये यशयाच्या पानांत आहे. नवीन वर्षात गावच्या कबरस्तानात त्याची जागा कोणाला आठवते का ते विचारायला जायचंय.

8 जानेवारी 2024, सोमवार. अर्धी रजा टाकून तहसील कचेरीत गेलो. साडेदहाला टोकन घेतलं, पावणेएकला नंबर लागला. टेबलावरचे साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी फाइल शोधली, जप्तीच्या नोटिशीचं पान उलटून पाहिलं आणि फेब्रुवारीत या म्हणाले. मी नवीन तक्त्याची एक प्रत दिली, पोच घेतली. बाहेर पायऱ्यांवर लिंबाची सावली आली होती. तिथे बसून डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बायकोने सवयीने दोनच भाकरी दिल्या होत्या. दोन्ही संपल्या, चटणी बोटाने पुसून खाल्ली, आणि एकच्या सुमारास कामावर जायला निघालो.